बुडख्याची कुट्टी

दिनांक २८ ऑगस्ट, रविवार. रक्कम सव्वाशे रुपये. हजर: मी, माझी थोरली बहीण आणि तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कुट्टीवाले चाचा. ठिकाण लासूर स्टेशन, अक्काच्या गोठ्यासमोरचं अंगण. रक्कम अक्कानं मला दिली, ज्वारीच्या वैरणीच्या एकशे चाळीस पेंढ्यांबद्दल. भावाकडून फुकट घ्यायचं नाही हा तिचा हट्ट, आणि बहिणीला बाजारभाव लावायचा नाही हा माझा. पेंढ्या मी स्वतः मोजल्या. दर दहावी पेंढी ताणकाट्याला अडकवून वजन पाहिलं. हा काटा मी औरंगपुऱ्यातून घेतलेला आहे आणि दर दिवाळीला दुकानातल्या मापांशी ताडून बघतो.

मी औरंगाबादला माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कारकून आहे. शेतकरी पिशवीतून माती आणतात, ती आतल्या खोलीत जाते, आणि तिथून जे आकडे बाहेर येतात ते मी छापील कागदावर उतरवतो. नत्र इतकं, स्फुरद इतकं, पालाश इतकं. पुढं लिहितो त्या प्रकरणातले माझे आकडेही मी नंतर पुन्हा पुन्हा तपासले. एकही चुकलेला नव्हता.

लासूरपासून दोन कोसांवर आमची तीन एकर जमीन आहे. मी रविवारी आणि रजेच्या दिवशी जातो, मजूर लावून पीक काढतो. त्या वर्षी एक एकरात मी वैरणीसाठी ज्वारी पेरली होती. वीस गुंठ्यांत गावरान, तिचं बी अक्काच्या घरचं, वर्षानुवर्षं चालत आलेलं. शेजारच्या वीस गुंठ्यांत हायब्रीड, पिशवीबंद बी. माती आमच्याच प्रयोगशाळेत तपासली होती आणि नत्र कमी निघालं होतं. म्हणून पेरताना पंचवीस किलो आणि महिन्यानं पुन्हा पंचवीस किलो युरिया, असा दोन्ही तुकड्यांना सारखा दिला. शिफारशीच्या कागदावर नुसतं ‘ज्वारी’ एवढंच होतं. कोणती ज्वारी, हे विचारणारी रेघ त्या कागदावर नाही, आणि इतकी वर्षं तो कागद भरूनही ती असायला हवी असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसरा हप्ता टाकला आणि पावसानं दडी मारली. तेवीस दिवस थेंब नाही. हायब्रीड कमरेएवढी होऊन थांबली, पानं सुरळीसारखी वळली. गावरान उंच होती, पण तीही मलूल. दाणा भरायची आशा नव्हतीच. उभी वाळून जाण्यापेक्षा कापलेली बरी, असं मी ठरवलं.

कोवळी, पाण्याविना थांबलेली ज्वारी जनावराला मारते हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघाभर ज्वारीत सुटलेली गाय तिथंच आडवी झालेली मी लहानपणी पाहिली आहे. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. कापून उन्हात पसरायची, उलटीपालटी करायची. वाळली की ते विष उडून जातं. मी सहा दिवस वाळवली. दोन दिवस पुरे असं मजूर म्हणत होते. मी ऐकलं नाही.

अक्काचे यजमान जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दोन म्हशींवर तिचं घर चालायचं. दुभतीला ती मोठी म्हणायची आणि सात महिन्यांच्या गाभणीला धाकटी. मोठीचं दूध सात घरी आणि स्टेशनवरच्या एका चहावाल्याकडं जायचं. मोठी आटेपर्यंत धाकटी व्यायची, धाकटी आटेपर्यंत मोठी, असा तिचा हिशेब होता. त्यात तिसरी कमाई नव्हती.

“मला गावरान दे,” अक्का त्या रविवारी म्हणाली. “हायब्रीडला ना चव ना वास. माणसं खाईनात, म्हशी कामून खातील?”

“म्हशीला चव कळते व्हय?”

“तुझ्यापेक्षा जास्त कळती. तू तर स्टेशनवरचा चहा पितोस.”

मी काटा काढला. गावरानची पेंढी दोन किलो, हायब्रीडची तीन. पेंढीचा भाव एकच. मी तिला दोन्ही पेंढ्या तोलून दाखवल्या.

“काट्यापुढं मी काय बोलणार,” ती म्हणाली, आणि हायब्रीडला तयार झाली. गावरान माझ्या रानातच गंजी लावून राहिली.

आता कुट्टीचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. चाचांकडं हातानं चाक फिरवायचं कुट्टीयंत्र होतं. त्या गल्लीत ते कुणाकडून मजुरी घेत नसत. पेंढी यंत्रात घालण्याआधी विळ्यानं वरचा तिसरा हिस्सा उडवायचा. तो शेंडा चाचांच्या बकऱ्यांना. खालचा जाड, रसाळ बुडखा कातरून जनावराच्या मालकाला. मालक खूश असायचे, कारण गोड बुडखा खाल्ला की म्हैस दूध देते असं सगळेच मानतात. शेंड्याची नुसती पानं.

“अक्का, तुम्हारी भैंस मिठाई खाती, मेरी बकरी पत्ता,” चाचा चाक फिरवता फिरवता म्हणाले.

“मग घ्या की बदलून. चार बकऱ्या द्या, एक म्हैस न्या.”

“नक्को बाई. भैंस के नखरे कौन उठाता?”

मोठीला दिवसाला बारा किलो आणि धाकटीला आठ किलो, असं माप मी टोपलीवर खूण करून दिलं. गेल्या वर्षीचा थोडा कडबा उरला होता, तो संपेपर्यंत निम्मा निम्मा मिसळायला सांगितलं. कडबा बुधवारी संपला. गुरुवारी सकाळी पहिल्यांदा म्हशींपुढं निव्वळ नवी कुट्टी पडली.

त्या गुरुवारी मी रजा काढली होती. कापलेल्या रानात नांगर घालायचा होता. सकाळच्या पॅसेंजरनं उतरलो आणि अक्काकडं चहाला थांबलो. कप हातात होता तेव्हा ती गोठ्यातून म्हणाली, “आरं, इकडं ये जरा. मोठी बघ कशी करायली.”

तिच्या आवाजात काळजीचं काही नव्हतं. मी कप संपवूनच गेलो.

मोठी पाय फाकून उभी होती. मान खाली, आणि पोट भात्यासारखं हलत होतं. पळून आलेलं जनावर धापा टाकतं तशी धाप, पण ती तर सकाळपासून खुंट्याला होती. मी घड्याळ पाहिलं, दहा वाजून पस्तीस मिनिटं. अक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर अंगभर कापरं. तोंड उघडं होतं आणि जीभ पाटीच्या रंगाची दिसत होती. मग तिचे मागचे पाय दुमडले. ती बसली नाही, कोसळली.

“चाचा,” अक्कानं भिंतीवरून हाक मारली, “डॉक्टरला आणा.”

चाचा सायकलवर गेले. जनावरांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी धाकटीकडं वळलो. ती उभी होती, पण तिनं गव्हाणीतून तोंड काढलं होतं आणि तिचंही पोट हलायला लागलं होतं. एवढंच आठवतं की मी तिच्यापुढची कुट्टी दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकली. ही माझ्या काट्यावर तोललेली होती.

आठ-दहा माणसं जमली. कुणी साप म्हणालं, कुणी दृष्ट. मी म्हणालो, वैरण असावी.

“वैरण कशी?” एक जण म्हणाला. “हीच वैरण चाचांच्या बकऱ्या चार दिवस खायल्यात. त्या बघा, टुणटुणीत.”

“लई नशीबवान बकऱ्या.”

“नाय, मी म्हणतो, गव्हाणीत कुणी काय घातलं काय, कुणाला ठाऊक. भिंत तर कमरेएवढी.”

कुणाचं नाव कुणी घेतलं नाही. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. काय झालं ते मला कळत नव्हतं, पण मोठी माणसं कुणाचं नाव न घेता अशीच बोलायची, हलक्या आवाजात, एखाद्या घराकडं न बघता, ते मला आठवतं. त्यानंतर काही घरांची दारं बंद झाली ती बरेच दिवस. त्या बोलण्याचा सूर मी पस्तीस वर्षांत विसरलो नव्हतो. मागं वळून पाहिलं तर चाचा डॉक्टरांना घेऊन आले होते आणि सायकल धरून तसेच उभे होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

मोठी दहा मिनिटांपूर्वी गेली होती.

डॉक्टर तिशीतले, अबोल. त्यांनी मेलेल्या म्हशीकडं एकदा पाहिलं आणि सरळ धाकटीकडं गेले. डोळ्याची पापणी उलटली. कानाच्या शिरेला सुई टोचली आणि आलेलं रक्त पांढऱ्या कापसावर घेतलं. ते लाल नव्हतं. काकवीचा रंग होता त्याला.

“काय खाल्लं यांनी?”

“ज्वारीची कुट्टी. हायब्रीड. पण चांगली सहा दिवस वाळवलेली,” मी म्हणालो.

“युरिया दिला होता?”

मी आकडे सांगितले. ते ऐकता ऐकता त्यांनी बॅगेतून निळ्याशार औषधाची बाटली काढली होती. मानेच्या शिरेत सुई घातली. अक्कानं धाकटीचं डोकं कवटाळून धरलं. औषध हळूहळू आत जात होतं आणि डॉक्टर बाटलीकडं बघत बोलत होते, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“कोवळ्या ज्वारीचं जे विष तुम्हाला माहीत आहे ते वेगळं. ते कोवळ्या पानांत आणि फुटव्यांत असतं, वाळवलं की जातं. हे नायट्रेट आहे, युरियातनं मुळांनी उचललेलं. हे बुडख्यात साठतं, आणि महिनाभर वाळवलं तरी तिथंच राहतं. शेंडे कुणी खाल्ले?”

“मेरी बकरियों ने,” चाचा म्हणाले.

“शेंड्यात ते नसतं, किंवा फार थोडं असतं. म्हणून त्या वाचल्या. यात दुसरं काही शोधू नका.”

माणसं थोडी मागं सरली. “लई नशीबवान” म्हणणारा निघूनच गेला.

बाटली रिकामी झाली. “माझ्याकडं एवढंच होतं,” डॉक्टर म्हणाले. “दुसरी जिवंत असती तर कुणाला द्यायचं ते ठरवावं लागलं असतं.” अर्ध्या तासानं धाकटीची धाप उतरली. जिभेवर किंचित गुलाबी रंग आला. अक्कानं विचारलं, “वाचली?”

“ही वाचली असं समजा, मावशी. उद्यापर्यंत लघवी निळसर होईल, घाबरू नका. पण पोटातल्याचं मी सांगू शकत नाही. त्याचं रक्तही असंच झालं असणार. आठ-दहा दिवस जपा. गाभडू शकते.”

अक्कानं धाकटीच्या पोटावर हात ठेवला. नंतर एकदम म्हणाली, “सकाळचं दूध सात घरी गेलं. एका घरी तान्हं लेकरू आहे.”

“दुधात ते फारसं उतरत नाही. तरी जाऊन सांगा, ओतून टाका म्हणावं.”

आधी चहावाल्याकडं आणि मग सातही घरी मी गेलो. पाच घरी दूध तापवून पिऊन झालेलं होतं. तान्ह्या बाळाच्या घरी मी दारात उभा राहिलो आणि बाळाच्या ओठांचा रंग बघत राहिलो. बाळाच्या आईला माझ्या बघण्याची भीती वाटली असावी. तिनं पदर ओढून बाळाला आत नेलं. बाळाला काही झालं नाही. पण संध्याकाळपर्यंत मी दोनदा त्या दारावरून गेलो.

चाऱ्याचे सव्वाशे रुपये मी त्याच दुपारी अक्काच्या हातावर परत ठेवले. तिनं ते कोनाड्यात टाकले, मोजले नाहीत. ती पैसे न मोजता ठेवते असं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता धाकटीला घालायचं काय, हा प्रश्न होता. पाऊस नसल्यानं बाजारात कडबा मिळत नव्हता. शेजाऱ्यांनी दिलेलं मूठ-मूठ गवत आणि कोंडा दोन दिवस पुरला असता. माझ्या रानात गावरानची गंजी उभी होती. तीच माती, तोच युरिया, तोच कोरडा महिना. मी डॉक्टरांना विचारलं.

“जातीजातीत फरक असतो,” ते म्हणाले. “एखादी जास्त उचलते, एखादी कमी. तुमची कोणती ते मी बघून सांगू शकत नाही. तपासून घ्या. तुम्ही तर तिथंच नोकरीला आहात ना?”

कापायच्या राहिलेल्या दोन-चार ओळी दोन्ही तुकड्यांत उभ्या होत्या. मी हायब्रीडची पाच आणि गावरानची पाच ताटं मुळासकट उपटली, ओल्या गोणपाटात बांधली, आणि शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत साहेबांच्या टेबलावर ठेवली. आमचे साहेब रसायनाचे. त्यांनी ताटं बघून, “इथं माती तपासतात,” एवढंच म्हटलं. मग मी झालेलं सांगितलं आणि ते उठले.

त्यांनी प्रत्येक ताट मुळापासून शेंड्यापर्यंत उभं चिरलं आणि दोन्ही जातींची ताटं पांढऱ्या फरशीवर शेजारी शेजारी मांडली. तीव्र ॲसिडात विरघळवलेलं एक औषध त्यांनी नळीत घेतलं. “नायट्रेट असेल तर निळं होईल,” म्हणाले, आणि हायब्रीडच्या सगळ्यांत खालच्या पेरावर एक थेंब सोडला.

थेंब पडला तिथं क्षणभर काहीच नव्हतं. मग शाईची दौत सांडावी तसा निळा-काळा डाग पसरला. दुसऱ्या पेरावर तसाच. तिसऱ्यावर निळा. पाचव्यावर फिका. शेंड्याजवळ नुसती झाक, आणि पानाच्या शिरेवर काही नाही. पाचही ताटांवर तेच. मी त्या डागांकडं बघत होतो आणि मला टोपलीवरची माझी खूण दिसत होती. मोठीला बारा किलो, सगळी या खालच्या पेरांची. दूध जास्त म्हणून माप जास्त.

“आता गावरान,” साहेब म्हणाले.

मी खिडकीकडं बघितलं. नंतर स्वतःला बघायला लावलं. पहिल्या पेरावर निळं आलं, पण पातळ, धुतलेल्या कापडासारखं. दुसऱ्यावर त्याहून पातळ. तिसऱ्यावर काही नाही. वर कुठंच काही नाही.

“एकाच गोणीतला युरिया?” त्यांनी विचारलं.

“एकाच. मोजून निम्मा निम्मा.”

“पीक नत्र उचलतं, ते बुडख्यातून वर चढतं, आणि पान त्याचं अन्न करतं. पाणी तुटलं की पान थांबतं. मूळ मात्र लगेच थांबत नाही. मग ते वाटेतच साठत जातं, खालून वर. तुमच्या हायब्रीडनं साठवलं. गावराननं मुळात कमी उचललं, की उचललेलं पानापर्यंत नेऊन वापरलं, ते या थेंबावरून मी सांगू शकत नाही. साठवलं कमी, एवढंच दिसतंय.”

“आकडा किती म्हणायचा?”

“आकडा नाही. हा रंग आहे. आकड्याला वेगळी तपासणी लागते, आठ दिवस लागतील.”

आठ दिवस धाकटीकडं नव्हते. खालची तीन पेरं तोडून टाका, वरचं थोडं थोडं घाला, असं ते म्हणाले. मी वीस वर्षं आकडे लिहिले आहेत आणि रंगावर विश्वास ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. परतीच्या गाडीत मी डोळे मिटले की तो पातळ निळा डाग गडद व्हायचा.

शनिवारी सकाळी गावरानच्या तीस पेंढ्या बैलगाडीनं आणल्या. तीन पेरं सांगितली होती, मी चार तोडली. चाचांनी उरलेल्याची कुट्टी केली. मी माप भरलं आणि टोपली अक्काकडं दिली. तिनं ती घेतली, गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेली आणि खाली ठेवली.

“तू घाल,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी घातली.”

मी टोपली उचलली, पण मीही उंबरा ओलांडला नाही. धाकटी आमच्याकडं बघत होती. दोन दिवस कोंड्यावर काढलेली म्हैस. वास आल्याबरोबर तिनं दाव्याला हिसका दिला.

“ठैरो भाऊ,” चाचा भिंतीपलीकडून म्हणाले. ते आत गेले आणि बकरी घेऊन आले. दुधाची, त्यांची सगळ्यांत चांगली. ती त्यांनी अक्काच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी बांधली. “पहले ये खाएगी.”

“चाचा, असं नका करू,” अक्का म्हणाली. “तुमच्यावर कुणाचा संशय नाय.”

“तुमचा नाही. मालूम है.” ते एवढंच म्हणाले आणि टोपलीतली मूठ बकरीपुढं धरायला वाकले.

“थांबा,” मी म्हणालो. “किती घालायची ते बघू. बकरी तीस किलोची असेल. धाकटी साडेचारशेची. म्हणजे पंधरा पट. म्हशीला सहा किलो द्यायची तर बकरीला चारशे ग्रॅम.”

“अब बकरी को भी काँटे पे चढाओगे?”

अक्का हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदाच. मी मात्र खरंच काटा आणला आणि चारशे ग्रॅम तोलले. बकरीनं ते पाच मिनिटांत संपवलं. सव्वानऊ वाजले होते. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. रस्त्यानं जाणारे थांबायचे, बकरीकडं बघायचे, चाचांकडं बघायचे, आणि पुढं जायचे. बकरी रवंथ करायला लागली. दर दहा मिनिटांनी मी उठून तिचा ओठ उलटा करून जीभ पाहत होतो. शेवटी ती मला शिंगं दाखवायला लागली. सव्वाअकरा वाजले. जीभ गुलाबी होती.

मग मी धाकटीपुढं दोन किलो टाकली. एकदम सहा नाही. ती खात होती तोवर अक्का पाठ करून उभी होती. खाऊन झालं, अर्धा तास गेला, तास गेला. पोटाची हालचाल मी घड्याळावर मोजत होतो. मोजणी दोनदा चुकली, कारण माझाच श्वास वाढला होता. दुपारी दुसरे दोन किलो. संध्याकाळी तिसरे. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी घरी गेलो नाही.

पुढचे दहा दिवस मी रोज कचेरी सुटल्यावर लासूरला जायचो आणि पहाटेच्या गाडीनं परत. बायको म्हणाली, “तुम्ही तिथं असलात म्हणून म्हैस गाभडायची थांबणार आहे का?” तिचं खरं होतं. सहाव्या दिवशी धाकटी सकाळी उठलीच नाही; मी पहाटेची गाडी सोडली. अक्का तिच्याजवळ मातीत बसून राहिली. कास, शेपटीखालची जागा, सगळं पुन्हा पुन्हा बघत होती, रक्ताचा टिपूस दिसतो का म्हणून. डॉक्टर आले, पोटावर कान लावला, हात लावून पाहिलं. “हलतंय,” म्हणाले. “पण आज सोडू नका एकटी.” दुपारी बाराच्या सुमारास ती आपोआप उठली आणि गव्हाणीकडं गेली. अक्का मात्र लगेच उठू शकली नाही; तिचे पाय बधिर झाले होते.

दहा दिवस उलटले. त्यानंतरही भीती संपली असं झालं नाही, ती लांबली फक्त. उरलेल्या हायब्रीडचे बुडखे मी खड्ड्यात टाकून वर माती ओढली. गावरान शेवटच्या पेंढीपर्यंत चार पेरं तोडूनच घातली. प्रयोगशाळेतल्या कागदावर ‘ज्वारी’ लिहिलं की मी शेतकऱ्याला विचारायला लागलो, कोणती? आणि उत्तर कोपऱ्यात पेन्सिलीनं टिपून ठेवायला लागलो. साहेबांनी ते पाहिलं आणि खाली सही केली.

धाकटी कार्तिकात व्याली. वगार झाली, म्हणजे मादी पारडू. बारीक, मांडीएवढ्या उंचीची, पहिले दोन दिवस तिला उचलून कासेला लावावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी गेली. अक्कानं मला पोस्टकार्ड टाकलं, त्यात वगारीबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं मी स्वेटर विसरलो त्याबद्दल होतं.

सात घरांपैकी पाच घरी दूध पुन्हा सुरू झालं. पत्र आल्यानंतरच्या रविवारी मी मोठीची किंमत भरून द्यायचा विषय काढला. डॉक्टरांनी चौथ्या वेताची, म्हणजे चारदा व्यालेली म्हैस धरून चोवीसशेचा अंदाज दिला होता; वेत वाढलं की किंमत उतरते.

“चौथं नव्हतं,” अक्का म्हणाली. “सहावं होतं.”

“तूच मला चौथं सांगितलं होतंस.”

“मला विकणाऱ्यानं चौथं सांगितलं. दात मी नंतर बघितले. लाजेनं बोलले नाय कुणाला.”

मी चाचांकडं पाहिलं. ते चाकाला तेल घालत होते.

“बहन छठा बोली तो छठा,” ते म्हणाले. “मैं क्या भैंस का मुंह खोल के बैठा था?”

“मेलेल्या म्हशीचे दात आता कोण मोजणार?” मी अक्काला म्हणालो.

“म्हणूनच माझं ऐक. बाराशे.”

मी अठराशे म्हणालो. ती चौदाशे म्हणाली. मी कमी करायला तयार नाही, ती वाढवायला तयार नाही, असा तासभर गेला. शेवटी ठरलं ते असं: सोळाशे रुपये, दरमहा दोनशे, आठ हप्ते. आठवा हप्ता आषाढात दिला. सगळे अक्काला.